विमान कुठे पडेल हे आधी सांगता येते : खान्देशच्या तीन जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार

विषय : प्रशिक्षणाच्या लहान विमानांचे अपघात, त्यांची कारणे आणि गावपातळीवरची तयारी

महोदय / महोदया,

१६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ, सातपुड्याच्या जंगलात प्रशिक्षणाचे एक लहान विमान कोसळले. प्रशिक्षकांचा मृत्यू झाला, शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. गाडी जाईल असा रस्ता नव्हता. तिथल्या आदिवासी बांधवांनी बांबू आणले, एका महिलेने झोळीसाठी आपली साडी दिली आणि त्या झोळीतून जखमी मुलीला डोंगरातून खाली आणले. त्या माणसांचे उपकार आम्ही विमानक्षेत्रातले लोक कधी विसरणार नाही. पण झोळीसाठी साडी द्यावी लागली, याचा अर्थ तिथे त्या दिवशी दुसरे काहीच नव्हते.

शिरपूर, धुळ्याजवळचे गोंदूर आणि जळगाव इथल्या धावपट्ट्यांवरून शिकाऊ विमाने उडत आली आहेत. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते, म्हणजे एकेका विद्यार्थ्याचे शंभराच्या वर फेरे आपल्या शिवारांवरून होतात. आम्ही उड्डाण शिकवणारे आणि विमानांची देखभाल करणारे आहोत. आमचे म्हणणे एवढेच आहे की लहान विमान पडण्याची कारणे मोजकी असतात आणि बहुतेक कारणांची जागा, महिना आणि दिवसाची वेळ ठरलेली असते. ती नकाशावर दाखवता येते. मग मदतही तिथे आधीच ठेवता येते.

सुरुवात धावपट्टीच्या टोकापासून करू. सेसना १५२ हे दोन माणसांचे, साधारण ११० अश्वशक्तीच्या एकाच इंजिनाचे विमान, माणसे आणि पेट्रोल धरून जास्तीत जास्त ७५७ किलो. सेसना १७२ चार जणांचे, नव्या जातीचे ११५७ किलो. इंजिन बंद पडले म्हणून ही विमाने दगडासारखी खाली येत नाहीत. ठरलेला वेग धरला, म्हणजे १५२ ला ६० नॉट (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर) आणि १७२ ला ६८, तर एक फूट खाली येताना ती साधारण नऊ फूट पुढे सरकतात. हजार फुटांवरून पावणेतीन किलोमीटर मिळतात. तीनशे फुटांवरून मात्र जेमतेम आठशे मीटर.

उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले की माणसाला मागची धावपट्टी खुणावते. वळून परत जाऊ, असे वाटते, आणि इथेच जीव जातात. परत त्याच पट्टीवर यायला १८० अंश पुरत नाहीत, पट्टीच्या रेषेत बसायला आणखी वळावे लागते. विमान कलले की स्टॉलचा वेग वाढतो : ३० अंश कललेले असताना ७ टक्के, ४५ अंशांना १९ टक्के, ६० अंशांना ४१ टक्के. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन साधारण १५ ते १८ अंशांच्या पुढे गेला की पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. जमीन जवळ येतेय म्हणून वैमानिक नाक वर ओढतो, वेग कमी होतो, आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गरगरत खाली येते. याला स्पिन म्हणतात. सेसना १७२ ला एका फेऱ्याच्या स्पिनमधून सावरायला सुमारे हजार फूट लागतात. तीनशे फुटांवर ते कुठून आणायचे? म्हणून शिकवणूक अशी की समोर, डाव्या-उजव्या हाताला ३० अंशांच्या आत जे वावर दिसेल त्यात उतरायचे.

उतरतानाही असेच घडते. शेवटचे वळण साधारण पाचशे फुटांवर असते. मागून वारा असेल तर विमान पट्टीची रेषा ओलांडून पुढे जाते. नवा विद्यार्थी जास्त कलायला घाबरतो आणि पायाने रडर (शेपटीवरचे सुकाणू) दाबून नाक पट्टीकडे ढकलतो. विमान घसरत वळते, आतला पंख स्टॉल होतो, पुन्हा स्पिन.

या दोन्ही अपघातांची जागा एकच आहे : धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढचा साधारण तीन किलोमीटरचा पट्टा. त्यातली गावे, शाळा, विहिरी, वीजवाहिन्या आणि पाणंद रस्ते तलाठ्याच्या नकाशावर आधीपासून आहेत. त्या पट्ट्यात अग्निशमन गाडी कुठून शिरेल, कोणत्या नाल्यावर पूल नाही, कोणत्या बांधावरून ॲम्ब्युलन्स जाणार नाही, हे एकदा पायी फिरून लिहून काढावे. कपाशी उभी असताना एकदा आणि शेत मोकळे असताना एकदा, कारण दोन्ही वेळी वाट वेगळी असते. याच पट्ट्यात ११ केव्हीच्या कृषी वाहिन्या आहेत. वरून तार दिसत नाही, फक्त खांब दिसतात, आणि इंजिन बंद पडलेल्या वैमानिकाकडे खांब मोजायला वेळ नसतो. उतरण्याच्या रेषेत आडव्या जाणाऱ्या तारांवर रंगीत गोळे लावणे किंवा तो तुकडा भूमिगत करणे, हे महावितरणला सांगण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

पक्ष्यांचे कारणही याच पट्ट्यातले. कचऱ्यावर आणि मांसाच्या तुकड्यांवर घारी जमतात आणि उन्हाने तापलेल्या हवेवर गोल गोल चढत नेमक्या विमानाच्या उंचीवर येतात. विमान नियम १९३७ मधील नियम ९१ नुसार विमानतळाच्या १० किलोमीटर परिघात जनावरे कापणे, सोलणे आणि कचरा टाकणे याला मनाई आहे. ही अंमलबजावणी ग्रामपंचायती आणि नगरपालिकांच्या हातात आहे. माघ-फाल्गुनात पऱ्हाटी पेटवतात, तो धूर सकाळच्या धुरकट हवेत जमिनीलगत बसतो आणि शिकाऊ वैमानिकाला पट्टी उशिरा दिसते. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. धावपट्टीच्या शेजारच्या चार-पाच गावांना पऱ्हाटी बारीक करायचे यंत्र आधी मिळाले, तर पेटवण्याची वेळच येणार नाही.

इंजिन बंद का पडते, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यातून महिना कळतो. पावसाळ्यात विमान रात्रभर उघड्यावर उभे राहिले की टाकीच्या झाकणाच्या रबरातून पाणी आत झिरपते. पेट्रोलपेक्षा पाणी जड, ते टाकीच्या तळाला बसते. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी तळाच्या झडपांतून थोडे पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढून पाहतात. नव्या सेसना १७२ ला अशा १३ जागा आहेत. विमानाचे १०० एलएल पेट्रोल निळसर असते, पाणी खाली वेगळे दिसते. पण भांड्यात निव्वळ पाणीच आले तर रेघ दिसत नाही आणि घाईतला माणूस ते स्वच्छ पेट्रोल समजतो. पांढऱ्या कागदासमोर धरून निळा रंग आहे का, हे पाहायचे असते. तेरा जागांपैकी दोनच पाहून पुढे जाणे, ही सर्वांत स्वस्त वाटणारी आणि सर्वांत महाग पडणारी घाई.

कार्बोरेटरमध्ये बर्फ जमतो, हे खान्देशात कुणाला सांगितले तर पटत नाही. मे महिन्याच्या कोरड्या ४४ अंशांत तो जमतही नाही. पण श्रावणातल्या ढगाळ सकाळी हवा २५ अंश आणि दमट असते. कार्बोरेटरच्या अरुंद नळीत पेट्रोलची वाफ होताना आणि दाब कमी होताना तापमान २०-३० अंशांनी घसरते आणि हवेतला ओलावा तिथेच गोठतो. उतरण्यासाठी थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेतलेला असताना धोका सर्वांत जास्त. लक्षण म्हणजे इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात. कार्ब हीटचा खटका ओढला की गरम हवा आत येते, बर्फ वितळून पाणी इंजिनात जाते आणि इंजिन काही सेकंद जास्तच खडखडते. विद्यार्थी घाबरून खटका परत आत ढकलतो. तो ओढलेलाच ठेवायचा असतो.

उन्हाळ्यात वेगळाच शत्रू. कुंभारीण माशी टाकीच्या हवा येण्याच्या नळीत चिखलाचे घर बांधते. पेट्रोल खाली जाते पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, आणि भरलेल्या टाकीवर इंजिन उपाशी मरते. हीच माशी वेग मोजणाऱ्या पिटोट नळीत शिरली तर वेगाचा काटा शून्यावर राहतो. दोन दिवस उभ्या राहिलेल्या विमानाच्या इंजिनावर साळुंक्या काड्या रचतात, त्या तापून पेटू शकतात. पिटोटचे कापडी कव्हर आणि इंजिनाच्या तोंडाला लावायच्या बुचण्या ही फार तर काही शे रुपयांची वस्तू आहे. ती प्रत्येक विमानाला आहे की नाही, हे पाहायला तांत्रिक पदवी लागत नाही. आपले अधिकारी धावपट्टीवर भेटीला गेले तर एवढे जरूर पाहावे.

मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची) तपासणी, पन्नास आणि शंभर तासांची देखभाल, तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचे कण पाहणे ही कामे प्रशिक्षण संस्थेची आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या निरीक्षकांची. त्यावर त्यांना स्वतंत्रपणे लिहायचे, म्हणून इथे थांबतो.

आता सातपुडा. धावपट्टी समुद्रसपाटीपासून आठशे फुटांवर आणि तापमान ४४ अंश असेल, तर हवा एवढी विरळ होते की विमानाला आपण साडेचार हजार फुटांवर आहोत असेच वाटते. इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के घटते, म्हणजे १३-१४ टक्के गेलीच. नाकावरचा पंखा (प्रोपेलर) आणि पंख दोन्ही कमी हवा कापतात. पट्टीवरची धाव निम्म्याच्या आसपास वाढते. सेसना १५२ थंड हवेत समुद्रसपाटीला मिनिटाला ७१५ फूट चढते, इथे सव्वापाचशेच्या आसपास, आणि तेही इंजिन नवे आणि वजन मर्यादेत असेल तर. नंदुरबारचा अस्तंभा १३२५ मीटरचा, म्हणजे ४३०० फुटांच्या वर. दुपारी डोंगराच्या पाठीमागच्या उतारावर हवा खाली घसरते आणि तिचा वेग विमानाच्या चढण्याच्या वेगापेक्षा जास्त असू शकतो. अशा वेळी थ्रॉटल पूर्ण उघडा असूनही विमान खाली येत राहते.

त्यात दरी अरुंद होत जाते. ९० नॉट वेगाने ३० अंश कलून उलट फिरायला सुमारे साडेसातशे मीटर रुंदी लागते. सातपुड्यातल्या नाल्यांची तोंडे रुंद आणि माथे अरुंद आहेत. तोंडातून शिरलेले विमान वर पोहोचते तेव्हा पुढे कडा असतो आणि वळायला जागा नसते. पावसाळ्यात याच दऱ्यांत ढग उतरतात. ढगात शिरलेल्या, फक्त डोळ्यांनी उडायला शिकलेल्या माणसाला आपण सरळ आहोत की कललो आहोत, हे शरीर खोटे सांगते. म्हणून डोंगरातले अपघात दोन काळात येतात : एप्रिल-मे महिन्यांतली दुपार आणि पावसाळ्यातला ढगाळ दिवस. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांना या दोन काळात सावध ठेवावे लागेल.

मोकळ्या शिवारात उतरण्याचेही काही सांगावेसे वाटते, कारण शेतकरीच तिथे पहिला पोहोचणार आहे. वैमानिक कापलेला गहू किंवा हरभरा शोधतो आणि सरीच्या दिशेने उतरतो. आडवे उतरले की पुढचे चाक सरीत अडकून विमान पालथे होते. काळ्या रानात पावसाळ्यात तर चाक रुतणारच. रावेर-यावलकडची केळीची बाग वरून हिरव्या गालिच्यासारखी सपाट दिसते, पण तो गालिचा जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंच असतो. विमान पानांवर टेकते आणि मग खोडांमध्ये नाकावर कोसळते. खोड पाणीदार असल्याने धक्का थोडा सोसते, माणसे वाचू शकतात. पण बाग दाट असते आणि आतले विमान बांधावरून दिसत नाही. साक्री भागात पवनचक्क्या आहेत, भुसावळच्या दीपनगर वीज केंद्रातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्या आहेत. तिथे तार तुटून विमानावर किंवा जमिनीवर पडली असेल, तर वीज बंद झाल्याची खात्री उपकेंद्राकडून होईपर्यंत कुणीही जवळ जाऊ नये.

पहिला माणूस पोहोचला, आता काय? हे पोलीस पाटील, कोतवाल, वनरक्षक आणि आशा सेविकांना तोंडपाठ हवे.

सेसना १५२ च्या पंखांत ९० लिटरच्या वर, १७२ च्या पंखांत २०० लिटरच्या आसपास पेट्रोल असते. पंख फाटलेला असेल तर ते जमिनीवर सांडते. विडी-काडी नको, मोटारसायकली आणि ट्रॅक्टर शंभर पावले दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. पाण्याचा फवारा पेट्रोल पसरवतो. फोम किंवा कोरड्या पावडरचे सिलिंडर हवे, नसेल तर माती. पंख्याला कधीही हात लावू नये. किल्ली बंद असली तरी मॅग्नेटोची जमिनीची तार तुटलेली असू शकते आणि पंखा थोडा फिरला तरी इंजिन ठिणगी देते. काही नव्या लहान विमानांत संपूर्ण विमानाला तोलणारे पॅराशूट असते आणि ते एका छोट्या रॉकेटने बाहेर फेकले जाते. त्याचा इशारा देणारा त्रिकोणी स्टिकर विमानाच्या अंगावर असतो. तो दिसला तर त्या जागी कापायचे नाही, समोर उभे राहायचे नाही आणि पॅराशूटची लाल मूठ ओढायची नाही.

आत पोहोचल्यावर लाल मुठीचा मिक्स्चर (इंजिनाचे पेट्रोल तोडणारा दांडा, पॅराशूटची मूठ नव्हे) पूर्ण बाहेर ओढा, किल्ली बंद करा, लाल मास्टर स्विच बंद करा. सेसनात पेट्रोलची झडप दोन पुढच्या आसनांच्या मध्ये, खाली असते. हे सगळे आधी जसे होते तसा मोबाइलवर एक फोटो काढता आला तर काढावा, पण जीव वाचवण्यापुढे फोटो दुय्यम. दार अडकले असेल तर सेसना १७२ ला डाव्या बाजूला मागे सामानाचे छोटे दार आहे. पट्ट्याचे धातूचे बक्कल वर उचलले की सुटते, नाहीतर विळ्याने पट्टा कापावा, पण आधी माणसाला खालून आधार द्यावा. विमान पालथे असेल तर पट्टा सोडताच तो डोक्यावर पडतो. आग नसेल तर जखमीला ओढून काढू नये. अशा अपघातात कण्याला मार अनेकदा असतो. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, चार जणांनी मिळून, फळीवर किंवा ताणलेल्या झोळीवर घ्यावे.

ठिकाण कळवताना मोठी गफलत होते. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष अंश-मिनिटांत बोलतात, मोबाइल दशांशात दाखवतो. २१ अंश ३० मिनिटे म्हणजे दशांशात २१.५. तो आकडा कुणी २१.३० असा वाचला की शोधपथक २२ किलोमीटर भलत्याच डोंगरात जाते. ११२ आणि १०८ च्या कक्षात, तसेच तिन्ही जिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षात हे दोन प्रकार भिंतीवर लिहून लावावेत. विमानातले ४०६ मेगाहर्ट्झचे आपत्कालीन यंत्र उपग्रहाला संदेश देते, पण अँटेना तुटली तर ते मुके होते, आणि त्यात जीपीएस नसेल तर जागा काही किलोमीटरने चुकू शकते. जुन्या १२१.५ च्या यंत्रांचे उपग्रह तर २००९ पासून ऐकतच नाहीत. म्हणून आवाज ऐकलेला गुराखी हाच सर्वांत खात्रीचा साक्षीदार. त्याचा फोन कुठे लागायला हवा, हा क्रमांक प्रत्येक पाड्यावर रंगवलेला असावा.

माणसे निघाली की अवशेषांना पहारा द्यावा. गावातली पोरे तुकडे उचलतात, भंगारवाले येतात, आणि २०१२ पासून काम करणाऱ्या विमान अपघात अन्वेषण ब्युरोचे लोक पोहोचेपर्यंत पुरावा गेलेला असतो. पंख्याची पाती पुढे वळलेली, पिळलेली असतील तर इंजिन ताकद देत होते. एक पाते सरळ आणि एक मागे वाकलेले असेल तर बहुधा पंखा थांबलेला होता. कुणी ते पाते सरळ केले की हा जबाब कायमचा पुसला जातो. ज्या टाकीतून विमानाने पेट्रोल घेतले तिचा नमुना त्याच दिवशी सील करावा, हेही पोलीस निरीक्षकांना लेखी सांगून ठेवावे.

आमची मागणी अशी. धावपट्टीच्या टोकांच्या गावांत आणि डोंगरातल्या निवडक पाड्यांवर, वनरक्षकाच्या नाक्यात किंवा शाळेत, एक पेटी ठेवा : घडीची स्ट्रेचर, मानेचे पट्टे, दोन जाड ब्लँकेट, ६ किलोची पावडरची दोन सिलिंडरे, पट्टा कापायची सुरी, हॅकसॉ, ३० मीटर दोर, बॅटरी, शिट्टी. सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, हे दरमहा कुणीतरी पाहून सही करावी, नाहीतर दोन वर्षांनी ती पेटी फक्त उंदरांच्या कामाची राहते. प्रशिक्षण संस्थांनी रोज सकाळी आपल्या उड्डाणांचे मार्ग आणि परतीची वेळ जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवावी, आणि विमान वेळेवर न परतल्यास किती मिनिटांनी फोन करायचा, हे कागदावर ठरवावे. आमच्या मते १५ मिनिटे.

दरवर्षी मृगाआधी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक सराव व्हावा. एक गोंदूरच्या पट्टीच्या टोकाला, एक यावल किंवा चोपड्याच्या वरच्या पाड्यावर, एक अक्राणीत. त्याला दोन तास, एक जुना बैलगाडीचा सांगाडा विमान म्हणून, आणि वीस माणसे लागतात. पट्टा कसा सोडायचा, पंख्यापासून किती लांब थांबायचे, झोळी कशी उचलायची, हे दाखवायला आम्ही येऊ. मानधन नको, पाड्यापर्यंत पोहोचायला गाडी मिळाली तर बरे. तारीख कळवावी.

आपले,
खान्देशातील काही उड्डाण प्रशिक्षक आणि विमान देखभाल अभियंते